उजेड न जाणारी जाळी

ज्या वस्तूला जाळी लावलेली नाही ती वस्तू अर्धवट राहिलेली आहे, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या भिलाईत एकच होता, आणि तो नेमका माझ्या ताईच्या वाट्याला आला. माझे भाऊजी पोलाद कारखान्यात रोलिंग मिलच्या तळघरात तेलाचे फिल्टर सांभाळायचे. यंत्रांना जाणारं तेल तारेच्या जाळीतून गाळायचं, जाळी तुंबली की काढायची, धुवायची, परत बसवायची. बाकीचे लोक सुट्टी झाली की काम गेटावर ठेवून येतात. भाऊजी ते सायकलला बांधून सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये आणायचे. नळाला जाळी, मोरीला जाळी, कुलरला जाळी. चहा दोन जाळ्यांतून गाळला जायचा, त्यामुळे त्या घरात गरम चहा मला कधी मिळाला नाही.

इतरांच्या खिशाला पेन असतं, भाऊजींच्या खिशात भिंग असायचं. एकदा सिविक सेंटरच्या बाजारात साधी चहाची गाळणी घ्यायला ते मला सोबत घेऊन गेले. एकेक गाळणी उजेडासमोर धरायची, भिंग लावायचं आणि एका इंचात भोकं किती ते मोजायचं, असं चाललं होतं. दुकानदार वैतागून म्हणाला, "चाचा, चाय छाननी है कि पेट्रोल?" भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "दोनों का मेश अलग होता है," आणि समजावून सांगायला लागले. आमच्यामागची गिऱ्हाइकं एकेक करून निघून गेली. गाळणी आम्ही घेतलीच नाही. बुद्धपौर्णिमेला तर त्यांनी ताईची नजर चुकवून खीरच गाळली. पाहुण्यांच्या वाट्यांत गोड दूध आलं; भात, काजू, वेलदोडे सगळे जाळीवर राहिले. ताई चिडली तेव्हा म्हणाले, "भातात खडा असता मंग?"

जाळीच्या विणीवर बोलायला लागले की त्यांना आवरणं कठीण. आमच्या चुलतभावाच्या मुलाच्या नामकरणात भर पंगतीत त्यांनी माझ्या जीनच्या पँटीचा पाय ओढून पाहुण्यांना दाखवला. "हे पाहा, तिरपी रेघ दिसून राहिली ना? हे ट्विल. दोन तारांवरून, दोन तारांखालून. साधी वीण म्हंजे एक वरून, एक खालून. आन् डच वीण म्हंजे…" इथं त्यांचा आवाज खाली यायचा. डच विणीत उभ्या तारा जाड आणि एकमेकींपासून लांब असतात, आडव्या बारीक आणि एकमेकींना अगदी खेटून. तिच्यात सरळ आरपार असं भोकच नसतं. "उजेडासमोर धर बाबू, काईच नाई दिसत. पन तेल जाते! कचरा थांबते आन् तेल जाते!" हे सांगताना त्यांचे डोळे असे भरून यायचे की हसायची सोय नव्हती. पँटीचा पाय मात्र मी जेवण होईपर्यंत सोडवून घेऊ शकलो नाही.

मग ताईला खोकला लागला. आमच्याकडे धुळीचं कुणाला नवल नाही. दोरीवर वाळत घातलेलं पांढरं कापड संध्याकाळी पांढरं राहत नाही. डॉक्टर म्हणाले, धुळीपासून जपा. झालं, भाऊजींना हुकूमच मिळाला. ताईची खाट रस्त्याकडच्या खिडकीशी होती. भाऊजींची सायकल वळणावर दिसली की ती उठून चहा ठेवायची, लग्नापासूनचा तिचा नेम. त्या खिडकीला आधी डासांची साधी जाळी लागली. खोकला थांबेना, म्हणून तिच्यावर ट्विल आली. तरी थांबेना, तेव्हा भाऊजी जामुलच्या भंगारवाल्याकडून डच विणीची गुंडाळी घेऊन बसमधून आले आणि एखादं बक्षीस मिळावं अशा आनंदात त्यांनी ती बसवली. खोलीत भरदुपारी दिवा लावावा लागायला लागला. आठवडाभरात जाळी धुळीनं तुंबली आणि वाराही बंद झाला. बारीक जाळी लवकर तुंबते हे ज्यांनी जन्मभर लोकांना सांगितलं, त्यांनाच ते घरात दिसलं नाही. बायकोच्या काळजीनं माणूस असा आंधळा होतो, हे मी तेव्हा पाहिलं.

एका रविवारी माझ्यासमोरच ताई म्हणाली, "आवो, मले दिवस हाय का रात हाय ते बी समजत नाई."

"पन धूळ तर नाई येत ना?"

"धूळ नाई येत. तुमी येता ते बी नाई दिसत." मग जरा दम घेऊन म्हणाली, "प्लांटमंदी तुमच्या फिल्टरले गेज रायते. चोक झाला का काटा सांगते. मले कुठं हाय काटा?"

मी हसलो. भाऊजी हसले नाहीत. पेचकस आणून त्यांनी तिन्ही जाळ्या काढल्या आणि अंगणात नेऊन टाकल्या. उजेड आला, वारा आला, धूळही आली. ताई खोकत खोकत रस्ता बघायची आणि सायकल दिसली की, उठवत नसलं तरी, उठायची. हिवाळा सरता सरता ती गेली. जाळी लावायला नको होती की काढायला नको होती, हे भाऊजींनी डॉक्टरांना दोन-तीनदा विचारलं. डॉक्टर म्हणाले, आजारच तसा होता. त्यावर भाऊजींचा विश्वास बसला नाही, आणि खरं सांगायचं तर माझाही पुरता बसलेला नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर काही दिवसांनी मी गेलो. खिडकी उघडीच होती. चौकटीवर, खाटेवर, ताईच्या फोटोवर धूळ. मी फडकं घेतलं तर म्हणाले, "राहू दे बाबू." ते ताईच्या जागेवर बसून रस्त्याकडे बघत होते. म्हणाले, "मी मोडावरून वळलो का तिले दिसो म्हने. कितीक दिसते, मी कधी पाहिलंच नाई." मग संकोचून म्हणाले, "तू माझी सायकल घेऊन मोडापर्यंत जाऊन येतो का?"

मला नाही म्हणवेना. वळणापर्यंत गेलो, सायकल फिरवली आणि घराकडे निघालो. खिडकीत भाऊजी दिसत होते. त्यांनी मला नीट पाहिलं, आणि उठून आत गेले. मी सायकल लावून घरात शिरलो तेव्हा चहा तयार होता. त्यांनी तो गाळला नव्हता. त्या घरात पहिल्यांदा मी गरम चहा प्यालो, पत्तीसकट.