घोडीला गोळी
मी सातवीत शाळा सोडली ती घोड्यांमागं. आमच्या महाबळेश्वराकडं पर्यटकांना घोड्यावर फिरवायचं, एवढंच मला येत होतं. तेवढ्यावर कुणी मला इतक्या लांब, चंद्रपूरकडच्या सावली गावाजवळच्या या धानपट्ट्यात कामाला आणील, असं वाटलं नव्हतं. इथलं घोड्यांचं केंद्र चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनी आणलं. त्यांचे उपकार मी विसरायचा नाही, आणि आपल्या हातून काही चुकेल ही धास्तीही जात नाही. फाटकाची कडी मी तीनदा बघतो.

इथं फौजेतून परतलेली माणसं येतात. झोप न लागणारी, घरात न बोलणारी. घोड्यावर बसायचं नसतंच. खरारा करायचा, दोर धरून चालायचं, नाहीतर नुसतं शेजारी उभं राहायचं. घोडी शांत उभी राहिली की माणूसही निवतो, असं बाई म्हणतात. आमची पांढरी घोडी चंद्रपूरच्या एका मुसलमान बँडवाल्याकडून घेतलेली, वरातीतली. कानाशी लवंगी माळ लावा, शेपूट हलायची नाही.

हवालदारभाऊ सहा मंगळवार आले, पण कुंपणाच्या आत एकदाही नाही. बांबूला धरून घोडीकडं बघायचे आणि घामानं भिजायचे. त्यांची बायको तलावावरची मासोळी विकून त्यांना ऑटोनं आणायची आणि मोहाखाली बसून राहायची. सहाव्या खेपेला ती मला म्हणाली, "पावणे, आता एक मंगळवार येतो, मंग बंद. घोडी पाहून का होऊन राह्यलं? तोंडातून शबुद नाई निघत यायच्या." मी मान हलवली.

त्या शेवटच्या मंगळवारी हवालदारभाऊ बांबूला धरून उभे होते, आणि नेमकं घोडीचं पोट दुखायला लागलं. बसायची, उठायची, मान वळवून पोटाकडं बघायची. डॉक्टरबाई नागपुरात. जनावरांच्या डॉक्टरला फोन केला तर तो म्हणाला, "यायला दोन तास लागतील. लोळू देऊ नको." ओवा, हिंग, काळं मीठ गुळात कालवून मी लिंबाएवढी गोळी वळली. आमच्याकडचे घोडेवाले ती गोळी घोड्याला 'घालतात', म्हणजे जिभेमागं सारतात. याला दुसरा शब्द मला ठाऊक नाही. घोडी पुन्हा खाली बसली तसा मी स्वयंपाकाच्या मावशीला ओरडलो, "मावशी, पळा! घोडीला गोळी घालायचीय!"

पुढं काय झालं ते मला दिसलंच नाही. पाठ जमिनीवर आदळली, तोंडात माती. डोळे उघडले तर हवालदारभाऊ कुंपणाच्या आत. बांबू मोडलेला. घोडीच्या पुढं हात पसरून उभे, छाती भात्यासारखी.

"मले घाल आधी," ते म्हणाले. सहा आठवड्यांत मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. "मले घाल. तिले नाई घालू देणार."

मला वाटलं, आज मी मेलो. मूठ तेवढी उघडली.

मावशी पदर खोचत आली. "काऊन जी पावणे, जित्ते आहा का?" मग हवालदारभाऊंकडं बघून म्हणाली, "भाऊ, ओव्याची गोळी हाय ते. बंदुकीची नाई."

त्यांनी माझ्या तळहातावरची गोळी उचलली. हुंगली. आणि तिथंच लिदीत खाली बसले.

"गूळ," ते म्हणाले. "मी बी त्याले गूळच चारला होता."

मग त्यांनी सांगितलं. ते खेचरांच्या पलटणीत होते. डोंगरात, बर्फाच्या वाटेवर, त्यांच्या खेचराचा पाय मोडला. वरून हुकूम आला, गोळी घाल. नऊ वर्षांची सोबत होती. "डाव्या हातानं गूळ चारला. खाऊन राह्यला होता तो. चावून राह्यला होता अन्..." उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला.

हे वाक्य मी आजवर कितीदा बोललो असेन, आणि असा एखादा माणूस पलीकडं उभा राहून ऐकत असेल तर?

मावशीनं जबडा धरला, गोळी मी आत सारली. दोर मात्र त्यांनी घेतला. डॉक्टर येईपर्यंत घोडीला ते गोल गोल फिरवत राहिले, आणि तिच्याशी बोलत राहिले. काय बोलत होते ते मला कळलं नाही, सगळं फौजेतलं हिंदी. त्यांची बायको मोडक्या बांबूपाशी आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"बावीस वर्सं झाले लग्नाले," ती म्हणाली. "खेचर होता हे मले आज समजलं."

तेवढ्यात घोडीनं शेपूट वर केली आणि भदाभदा लीद टाकली. पोट मोकळं झालं. "टाकली! टाकली!" हवालदारभाऊ असे ओरडले की रस्त्यावरचा ट्रॅक्टर थांबला. मावशी हसायला लागली. त्यांची बायको हसता हसता पदरात तोंड घालून रडली.

मग डोळे पुसून तिनं मला विचारलं, "पुढच्या मंगळवारी किती वाजता आणू?"

"नेहमीच्याच वेळेला," मी म्हणालो. मग सवयीनं फाटकाची कडी तीनदा बघितली, शेजारी बांबू मोडलेला असताना.