नांदेडचं हॉटेल आणि महेशची आत्या

चाकूरच्या स्टँडवर लातूरच्या एसटीत बसलो, तेव्हा घरी सांगितलं होतं की लग्नात राहून गेलेली खरेदी करून येतो. खरं काम वेगळंच होतं. आम्हाला हनिमूनसाठी एखादं भारीतलं हॉटेल निवडायचं होतं.

लग्नाला तीन आठवडे होत आले होते. घरात पाहुणे अजून ठाण मांडून बसलेले, आणि एवढ्या दिवसांत नवऱ्याने, महेशने, मला विचारलेला सगळ्यात लांब प्रश्न म्हणजे "जेवलीस का?" मी हदगावची, बोलघेवडी. हा चाकूरचा, तोंडात मिठाची गुळणी. लग्नाच्या अल्बममध्ये तर हा माणूस प्रत्येक फोटोत असा आंबट चेहरा करून उभा, की बघणाऱ्याला वाटावं कुणाच्या तरी दहाव्याला आलाय. मला एवढंच कळायला हवं होतं, की हा मनापासून बोहल्यावर चढला की घरच्यांनी ढकलला? ते विचारायला दार बंद होणारी एक खोली पाहिजे होती. महेशचं बियाण्यांचं दुकान, पेरणी तोंडावर आलेली, म्हणून गोवा-महाबळेश्वर बाद. मिळणार होते दोनच दिवस. मग निदान खोली तरी झकास असावी, असा माझा हट्ट.

लातूरचं पहिलं हॉटेल काचेच्या दाराचं. आत थंडगार हवा, झुंबर आणि सोफ्यांवर फायली घेऊन बसलेले आईबाप. कुणाच्या पायाशी गादीची वळकटी, कुणाच्या मांडीवर लाडवांचा डबा. काउंटरवरच्या माणसाने वर न बघताच विचारलं, "क्लासच्या ॲडमिशनला आलाव का? मुलगा हाय की मुलगी?"

"अजून काहीच न्हाई," महेश प्रामाणिकपणे म्हणाला.

दुसऱ्या हॉटेलात एका बाईंनी मला शेजारी बसवून घेतलं आणि फिजिक्सला कोणते सर चांगले, ते समजावून सांगितलं. तिसऱ्याच्या दारात महेशचा चुलतभाऊ लांबून दिसला आणि आम्ही तसेच मागे फिरलो. डॉक्टर घडवायच्या त्या गावात आमच्यासारख्या बिनकामाच्या जोडप्याला जागा नव्हती.

राहिलं नांदेड. चाकूरला परतल्यावर फोनवर फोटो बघून बघून मी एक हॉटेल पक्कं केलं. पलंगावर टॉवेलचे दोन हंस, न्हाणीघरात पांढराशुभ्र टब. अडचण एकच. नांदेडला महेशची आत्या राहते. आमच्याकडे गावात नातलगाचं घर असताना लॉजवर उतरणं म्हणजे त्या घराच्या तोंडाला काळं फासणं. मग हॉटेल कितीही मोठं असो, आमच्या लेखी ते लॉजच. म्हणून महेशने घरी सांगितलं, "आत्याकडं जाऊन येतो," आणि आत्याला काहीच सांगितलं नाही. सासूबाई आणि आत्या फोनवर बोलतात त्या फक्त दिवाळीला, असा त्याचा हिशेब.

अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा गरम भजी खाल्ली. लोह्यापर्यंत दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं उन्हात तापत पडली होती. मला खिडकी देऊन महेश रानं बघत राहिला आणि मधेच म्हणाला, "इथं सोयाबीन चांगलं येतंय." हनिमूनचं पहिलं वाक्य. नांदेडचं सिडको मागे पडलं आणि गोदावरीचा पूल आला.

हॉटेलच्या काउंटरवर एक हसतमुख मॅनेजर होता. "दर्शनाला आलाव ना? पहाटं गुरुद्वाऱ्याला गाडी लावून देऊ?"

"हाव, द्या," महेश म्हणाला. लाजेपायी हा माणूस पहाटेच्या गाडीलाही तयार झाला!

"दर्शन होईल निवांत," मी म्हटलं. "आम्ही हनिमूनला आलोय." महेशचे कान लाल झाले. मॅनेजरने मात्र खूश होऊन पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम काढून दिला. खोली अगदी फोटोतल्यासारखी होती. महेशने आत आल्या आल्या एका हंसाचा टॉवेल केला आणि तोंड पुसलं. मी आता विचारणार, तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

आत्या होत्या. आवाज मला पलंगापर्यंत येत होता. "कुठं हायस रे? आत्ताच वहिनीचा फोन आला, पोरं पोचली का म्हणून. मी म्हटलं, हाव, हातपाय धुऊन राहिलीत. आता खरं सांग."

महेशने खरं सांगितलं. थेट विचारलं की त्याला दुसरं जमतच नाही.

थोड्याच वेळात आत्या दारात. हातात डब्याची पिशवी, कपाळावर आठ्या. "आमचं घर पडलं काय रे? लॉजवर उतरून राहिलाव!" मग त्यांची नजर पलंगावर गेली. "ही फुलं कामून (कशाला) पसरलीत? पूजा हाय का?" त्यांनी सगळा बदाम गोळा केला, दस्तीत (हातरुमालात) बांधला आणि म्हणाल्या, "वाया कामून घालवायची? देवाला होतील. चला, सामान आवरा."

मी रडकुंडीला आले. खोली गेली, दोन दिवस गेले. पुन्हा भरलेलं घर, पुन्हा "जेवलीस का?" पिशवीची चेन लावतच होते, तर महेशच्या फोनवर सासूबाईंचा व्हिडिओ कॉल.

आत्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "उचल, पण थांब जरा. वहिनीला कळलं तर तिला वाटंल, मीच पोरांना घरात घेतलं न्हाई." त्यांनी क्षणात मला खुर्चीत बसवलं, डबा उघडून पुढ्यात ठेवला, उरलेला हंस पायाने पलंगाखाली सारला आणि मागच्या उघड्याबाघड्या बाईच्या चित्रावर पलंगावरची चादर टाकली.

"वन्सं, घर कधी रंगवलंव?" सासूबाईंनी पहिलाच बाण सोडला.

"लेकानं रंगवलं की."

"आन् पोरगी एवढ्या उन्हाळ्यात थरथरून कामून राहिली?"

एसीचा झोत थेट माझ्या मानेवर येत होता. "लाजून राहिली," आत्या म्हणाल्या आणि माझ्या तोंडात धपाट्याचा एवढा मोठा घास कोंबला की मला बोलताच येऊ नये.

फोन बंद झाला. आत्या पलंगावर मटकन बसल्या. गादीने त्यांना हळूच वर उचललं, तशा पुन्हा एकदा बसून पाहिल्या. "आता तुम्हाला घरी नेऊन तरी काय करू? आता सामान घेऊन येताना गल्लीनं बघितलं, की आधी लॉजवर उतरलाव हे उद्या वहिनीपर्यंत जाईल. राहा इथंच." मग न्हाणीघरात डोकावल्या. "ह्या टबात गरम पाणी येतंय का रं?"

"येतंय की."

"मग तुम्ही जरा बाहेर बसा."

आम्ही आमच्याच खोलीबाहेर, लिफ्टजवळच्या सोफ्यावर जाऊन बसलो. आतून आत्यांचं अभंग गुणगुणणं ऐकू येऊ लागलं. महेश माझ्याकडे वळला. "जेवलीस का?" म्हणाला, आणि आम्हा दोघांनाही हसू आवरेना. त्या हसण्याच्या भरात मी विचारून टाकलं, "अहो, लग्नात तुम्ही असं तोंड पाडून का उभे होता? मनात नव्हतं का तुमच्या?"

तो थक्कच झाला. "मामानं फेटा एवढा आवळला होता की डोकं ठणकत होतं. हसलो की कानशिलात कळ यायची. तू मंडपात आलीस तेव्हा तर लई हसू येत होतं, कसंबसं दाबलं." मग खाली बघत म्हणाला, "मला वाटलं, तुलाच मी पसंत न्हाई. दुकानदार म्हणून."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिथे, लिफ्टच्या टुणटुण आवाजात, मला माझा नवरा एकदम आवडला. आत्या लाललाल होऊन बाहेर आल्या तेव्हा त्यांनी एवढा उशीर लावला, हे आमच्या लक्षातही आलं नव्हतं. जाताना बजावून गेल्या, "उद्या दुपारी जेवायला घरी यायचं. येसराची आमटी करते."

त्या दोन दिवसांत नांदेड आम्ही फारसं पाहिलं नाही. गुरुद्वाऱ्यात मात्र गेलो, आणि आत्यांकडची ती भाजलेल्या डाळींच्या पिठाची झणझणीत आमटी नाकातून पाणी येईपर्यंत ओरपली. कुणी विचारलं तर मी सांगते, हॉटेल निवडताना पलंग बघू नका, टब बघू नका, खोलीबाहेर दोघांपुरता सोफा आहे का तेवढं बघा.

परतीच्या एसटीत बोलायला एवढं होतं की रानं बघायची राहून गेली. कंडक्टर शेजारी येऊन उभा राहिला तेव्हा बाहेर लातूरचा स्टँड होता.

"चाकूरवाले ना तुम्ही? चाकूर तर मागंच गेलं. तिथं घंटी मारली, दोनदा ओरडलो बी. ध्यान कुठं हाय?"

आम्ही खाली उतरलो. समोरच्या फलाटावर चाकूरची गाडी सुटायच्या बेतात होती. महेशने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. ती गाडी आम्ही जाऊ दिली.