शशीताई आणि १९१० सालचं स्वयंपाकघर

शशीताईंना ते स्वयंपाकघर हवं होतं. सरळ सांगायचं तर त्यांचा जीव त्यात अडकला होता. इंग्लंडमधल्या लेस्टरपासून पाऊण तासावर एक जुनं शेतघर होतं, आता म्युझियम झालेलं. १९१० साली शेतकऱ्याची बायको दिवसभर घरात काय काय करायची, ते तिथे करून दाखवत. कोळशाची चूल होती, कपडे उकळायचा हंडा होता, लोणी काढायचं हँडलवालं लाकडी पिंप होतं. आणि आमच्या शशीताई, सांगलीकडच्या खेड्यात चार म्हशींच्या घरात वाढलेल्या, त्याच म्युझियमच्या कॅफेत दोन वर्षं कप विसळत होत्या. व्हॉलंटियर म्हणून, म्हणजे फुकट.

"अहो, मला किचन का देत नसतील?" त्यांनी एकदा नवऱ्याला विचारलं. पद्माकर हॉस्पिटलमधून रिटायर झालेले डॉक्टर, बोलायला जपून.

"अगं, लोकांना तिथे इंग्लिश बाई बघायची असते."

"लोणी काय पासपोर्ट बघून येतं?" शशीताई फणकारल्या. ते बोलणं त्यांना चांगलंच झोंबलं होतं.

मग २००४च्या मे महिन्यात एका शनिवारी किचनवाल्या बाईची कंबर धरली. मॅनेजर वेंडीपुढे दुसरा इलाजच नव्हता.

"आजचा दिवस बघू," वेंडी म्हणाली. "जमलं तर पुढचं ठरवू. फक्त हसत राहा आणि कार्डावरची माहिती सांग."

पायघोळ स्कर्ट, एप्रन, डोक्यावर पांढरी टोपी असा सगळा थाट करून शशीताई पाऊण तास हसल्या. पण साय आणली होती थेट फ्रिजमधून. हँडल फिरवून फिरवून दंड भरून आले तरी लोण्याचा पत्ता नाही. तेव्हा मात्र हसू कुठल्या कुठे गेलं. त्यांनी स्कर्टाचा घोळ कमरेला खोचला, कार्ड पालथं टाकलं आणि कोमट पाण्यात फडकी भिजवून पिंपाला गुंडाळली.

"त्या काळी बायका किती तास काम करायच्या?" कुणीतरी विचारलं.

"थांबा हो, आत्ता नाही."

एकजण फोटोसाठी टेबलावर रेलला. "टेकू नका तिथे, पीठ मळायचंय." एका धिप्पाड गृहस्थाला त्यांनी कोळशाची बादली आणायला पिटाळलं. तो बिचारा मुकाट्याने घेऊन आला.

हे सगळं दारातून वेंडी बघत होती, आणि तिचा चेहरा पार उतरला होता. शशीताईंनी तो पाहिला आणि त्या समजल्या, गेलं किचन, सोमवारपासून पुन्हा कप. फार वाईट वाटलं त्यांना. पण पिंपातला आवाज बदलला होता, आत गोळा धरायला लागला होता, आणि अशा वेळी हात थांबवायचा नसतो.

खुर्चीवर एक नव्वदी ओलांडलेली म्हातारी अर्धा तास बसून होती. तिने वेंडीला जवळ बोलावलं.

"मी असल्याच घरात जन्मले," ती म्हणाली. "इथे तीनदा येऊन गेले. दर वेळी इथली बाई माझ्याकडे बघून गोड हसायची. माझी आई कधी अशी हसली नाही गं. तिला वेळच नसायचा. जवळ गेलं की कामाला तरी लावायची, नाहीतर हाकलायची." तिने काठी शशीताईंकडे रोखली. "आज पहिल्यांदा आईच्या घरी आल्यासारखं वाटलं."

वेंडी थोड्या वेळाने टेबलाशी येऊन उभी राहिली.

"बुधवार आणि शनिवार किचन तुझं. चालेल?"

शशीताईंना भरून आलं. दोन वर्षं वाट बघितली होती या एका वाक्याची. पण कोपरापर्यंत हात ताकात होते आणि लोण्याचा गोळा नुकता कुठे वर येत होता.

"चालेल," त्या म्हणाल्या. "आता जरा बाजूला हो, उजेड अडतोय."