पोचा गेलेली फियाट

सुनीती आगाशे कुणावर आवाज चढवत नसत. टेलिफोन खात्यात सगळी नोकरी झाली, हाताखालची माणसं त्यांच्या एका "बरं" शब्दाला घाबरायची. साठी उलटल्यावरही त्या स्वतः फियाट चालवत मंडईत जात आणि गाडी इथे लावू नका म्हणणाऱ्या हवालदाराला "मग कुठे लावू ते सांगा" एवढंच विचारत.

ती फियाट श्रीधररावांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून घेतलेली. बायकोला चालवायलाही त्यांनीच शिकवलं. पहिल्याच आठवड्यात सोसायटीच्या खांबाला पुढचं डावं मडगार्ड घासलं आणि वाटीएवढा पोचा पडला. सुनीतीबाई रडकुंडीला आल्या. श्रीधरराव वाकून बघत म्हणाले, "राहू दे. तुझी सही आहे ती." पुढे गाडीला दोनदा रंग दिला, पण पोचा त्यांनी काढू दिला नाही. ते गेले, गाडी बाईंच्या नावावर झाली. रविवारी गाडी पुसताना त्यांचं फडकं त्या जागी जरा रेंगाळायचं.

मुलगी अवनी अमेरिकेत. तिच्या बाळंतपणासाठी बाई सहा महिने तिकडे गेल्या, तेव्हा किल्ली दिराच्या मुलाकडे, शौनककडे दिली. खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नुकताच लागला होता; लहानपणी याच गाडीच्या मागच्या सीटवर झोपलेला.

"आठवड्याला एकदा चालू कर. बॅटरी उतरू देऊ नकोस. बाकी काही करायचं नाही."

"काकू, तू निवांत जा."

परत आल्या तेव्हा टॅक्सीतून उतरतानाच त्यांना पार्किंगमध्ये ती दिसली. जमिनीला टेकायला आलेली. मूळच्या चाकांच्या जागी रुंद, चकचकीत चाकं, गाडीच्या अंगाबाहेर आलेली. आणि ती आत मावावीत म्हणून चारही मडगार्डं कमानीवर कापून त्यावर बाहेर फुगवलेला नवा पत्रा जोडलेला. चाक वळलं की टायर पत्र्याला घासायचा, म्हणून पुढची तर निम्म्यावर कापलेली. पोचा जिथे होता तिथे गुळगुळीत फुगवटा होता.

"सरप्राइज!" शौनक म्हणाला. "विश्रांतवाडीला कोंडीराम म्हणून एक डेंटर आहे, एकदम आर्टिस्ट माणूस. कसली दिसते ना?"

"जुना पत्रा कुठे आहे?"

"तो? भंगारात गेला असेल. सडलाच होता, काकू."

सडला नव्हता. सुनीतीबाईंनी फुगवट्यावर बोट ठेवलं, उचललं.

"बरं," त्या म्हणाल्या. "चहा घेणार?"

शौनक त्यांना ओळखत नव्हता, असंच म्हणायला हवं. तो चहाला थांबला आणि हळूच म्हणाला, की एवढं केलंच आहे तर गाडी त्याच्या नावावर करता येईल का.

"करू की," बाई म्हणाल्या. "आधी काम तर पुरं होऊ दे. अर्धवट गाडी कशी द्यायची?"

आणि त्यांनी त्याला काम पुरं करू दिलं. शौनकने रंग दिला, सीट बदलल्या, डिक्कीत स्पीकर बसवले. शनिवार-रविवार तो त्या गाडीखाली आडवा. मित्रांबरोबर महाबळेश्वरला गेला नाही, आतेबहिणीच्या साखरपुड्याला तोंड दाखवून परतला. बाई वर खिडकीत उभ्या राहून बघायच्या. कधी त्याला पोहे नेऊन द्यायच्या. "मागच्या चाकांचं काही बघ, अजून बाहेर वाटतात," असंही सुचवायच्या, आणि तो बिचारा मागची मडगार्डं पुन्हा उघडायचा. त्याला गाडी जितकी आवडत गेली, तितकी बाईंना गाढ झोप लागत गेली.

मार्चमध्ये खराडीच्या एका मैदानात अशा बदललेल्या गाड्या जमणार होत्या. शौनकने ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आदल्या दिवशी सकाळी, तो कामावर गेल्यावर, सुनीतीबाई ती गाडी स्वतः चालवत विश्रांतवाडीला घेऊन गेल्या. येरवड्याच्या सिग्नलला दोन पोरांनी अंगठे दाखवले. बाईंनी काच वर केली.

कोंडीराम लातूरकडचा, पन्नाशीचा माणूस. चारही मडगार्डं कापून काढा, असं बाईंनी सांगितलं ते ऐकून तो खालीच बसला.

"त्यांनी तर सांगितलं काकूंनी गाडी दिली म्हणून."

"नव्हती दिली."

"पुन्हा होती तशी करतो, ताई. जुन्या गाडीची मडगार्डं शोधून आणतो."

"ती दुसऱ्या गाडीची असतील."

"माझ्या हातचं हे सगळ्यात चांगलं काम आहे," कोंडीराम म्हणाला. त्याचा विचार बाईंनी केलाच नव्हता.

"असेल. तरी कापा."

"कापतो. पण तुम्ही बघायला थांबू नका."

त्या थांबल्या. पर्स मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या आणि चारही मडगार्डं गळून पडेपर्यंत डोळे हलवले नाहीत. ठिणग्या साडीपर्यंत आल्या. उरलेला सांगाडा दुपारी भंगारवाला घेऊन गेला. चाकं, स्पीकर आणि कापलेला पत्रा टेम्पोत घालून त्या घरी आल्या.

संध्याकाळी शौनक आला तेव्हा पार्किंगच्या रिकाम्या जागेत चार चाकं एकावर एक रचलेली होती, शेजारी स्पीकर आणि एक गोणी.

"गाडी कुठंय?"

"भंगारात गेली. चाकं आणि स्पीकर तुझे, मोजून घे. गोणीत तू लावलेला पत्रा आहे. मी टाकला नाही."

तो गोणी उघडून बघत राहिला. "काकू, वर्ष घातलं मी हिच्यात."

"माहीत आहे. म्हणून तर थांबले होते."

तो बाविशीतला मुलगा पायरीवर बसून रडला. सुनीतीबाईंनी ते नीट बघितलं, मग वर जाऊन कुकर लावला.

त्यानंतर दिराकडचं येणंजाणं बंद झालं. जाऊबाईंनी नात्यात सगळीकडे सांगितलं की म्हातारीचं डोकं फिरलंय. शौनकच्या लग्नाची पत्रिका अवनीला अमेरिकेत पोचली, सदाशिव पेठेत बाईंच्या घरी नाही. बाई बसने फिरू लागल्या, गुडघे दुखू लागले तशा रिक्षाने.

अवनीने एकदा फोनवर विचारलं, "आई, वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना. त्या कोंडीरामचं वाटतं."

"आणि शौनकचं?"

बाईंनी उलट विचारलं, की तिकडे बाळ शाळेत रुळलं का.