हाउजीतून निघालेली सभा

हार्डवेअरच्या दुकानात सुटे स्क्रू विकत आणावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. आमच्या सभेच्या किश्श्यांचं तसंच झालंय. मुलुंडला माझ्या काउंटरवर कोणी नळाचा वायसर घ्यायला आला, तरी एक किस्सा ऐकूनच जातो!

*

सुरुवात बिस्किटांनी झाली. आमच्या वस्तीमागचा सरकारी दवाखाना पाडून तिथे पार्किंग करायचं होतं. एका ऑफिसातले साहेब आले, गोड बोलले, चहा-बिस्किटं दिली आणि हजेरीच्या कागदावर आमच्या सह्या घेऊन गेले. महिन्याभराने कळलं, त्याच कागदावर वर लिहिलं गेलं होतं : 'रहिवाशांची संमती'!

आमच्या पेडणेकर काकी मूळच्या मालवणच्या. दुकानात येऊन म्हणाल्या, "शेठ, बिस्कुटां महाग पडली!"

*

मग ठरलं, आता आपलीच सभा भरवायची आणि ती ठरवेल ते साहेबांना सांगायचं. पण सभेत बसणार कोण? नेहमीचेच पाच बोलके बसले तर बाकीचे नेहमीसारखे गप्पच! मी सातवी पास, पण गणपतीत हाउजी पंचवीस वर्षं मीच खेळवतो. हाउजीत आकडे नव्वद, वस्तीत खोल्याही नव्वद. म्हटलं, पिशवीतून एकवीस आकडे काढू. ज्या खोलीचा नंबर निघेल, त्या घरातलं एक माणूस सभेत.

काकी आकडे काढायला बसल्या; तिसरा आकडा त्यांच्याच खोलीचा निघाला. पंधराव्या आकड्याला मागून कोणीतरी सवयीने ओरडलं, "लाइन!"

काकी म्हणाल्या, "गप रव रे! हयसर बक्षीस नाय, काम गावता!"

*

वस्तीतले भाऊ, म्हणजे प्रत्येक बॅनरवर हात जोडून हसणारे. त्यांचा आकडा निघाला नाही. तणतणत आले. "हे कसले प्रतिनिधी? मी दोनदा निवडून आलोय!"

काकी म्हणाल्या, "निवडान इलंस, मगे खंय गेलंस?"

भाऊंनी त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही.

*

सभेत एकेक माणूस बोलायला लागला की थांबेचना! मग मी दुकानातली स्टीलची मेजर टेप आणली. बोलायला लागलात की मी टेप हळूहळू ओढणार, पाच फूट झाले की बटण दाबणार. सर्रकन टेप आत, माणूस खाली!

पहिल्याच दिवशी रिक्षावाला सचिन कांबळे हात जोडून म्हणाला, "शेठ, दाबू नका ना यार, माझं फूटभर राहिलंय!"

*

हाच सचिन पार्किंगच्या बाजूने आला होता. उभा राहून म्हणाला, "रिक्षा लावायला जागा नाही आणि दवाखान्यात जातं कोण?"

काकी शांतपणे म्हणाल्या, "तुझी आवस. प्रेशरच्या गोळ्यांक दर सोमवारी माझ्यावांगडा येता. तुका सांगूक नाय, तुझी भाडी बुडतली म्हणान."

टेप तीन फुटांवर होती. मी ओढायचीच विसरलो. आईचं ऐकून सचिन खाली बसला.

पुढच्या बैठकीत ठराव वाचला तो त्यानेच : दवाखाना हलणार नाही. एकवीसच्या एकवीस हात वर!

*

साहेब परत येणार असल्याचं कळलं. त्या आठवड्यात काकी रोज दुकानात यायच्या आणि वापरलेला पॉलिश पेपर मागून न्यायच्या. मागची बाजू कोरी असते ना! एरवी काकी अंगठा लावणाऱ्या.

मी विचारलं, "काकी, पॉलिश तरी काय करताय?"

"अक्षर!"

*

साहेब आले. तोच चहा, तीच बिस्किटं. बिस्किटांना कोणी हात लावला नाही. "फक्त हजेरीची सही करा," म्हणत त्यांनी कागद फिरवला. एकवीसही जणांनी मुकाट सह्या केल्या. साहेब खूश! कागद हातात घेतला आणि चष्मा वर-खाली करायला लागले.

सहीच्या रकान्यात एकवीस वेळा, एकाखाली एक, लिहिलं होतं : 'दवाखाना हलणार नाही'. सगळ्यात मोठं, सगळ्यात वाकडं अक्षर काकींचं.

"ही काय सही आहे, काकी?"

"माझी हीच. नवी केलंय."

"आणि सगळ्यांची एकच?"

सचिन म्हणाला, "सभाच एक आहे, साहेब! आणि अजून कागद काढा. राहिलेल्या एकोणसत्तर खोल्या बाहेर उभ्या आहेत."

साहेबांनी खिडकीतून पाहिलं. बाहेर दवाखान्याच्या भिंतीला लागून रांग, प्रत्येकाच्या हातात पेन. रांगेत सर्वांत पुढे, घरची सही आत झालेली असूनही, सचिनची आई.

काकींनी दोन्ही हात वर केले आणि ओरडल्या, "फुल हाउस!"