चाळीस बाटल्या

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत माझ्या साडूंनी ज्याला टोचलं नाही, असा माणूस एक तर जन्मायचा राहिला असेल, नाही तर पळण्यात तरबेज असेल. क्षयाची लस टोचणारे म्हणून त्यांनी नोकरीला सुरुवात केली आणि गावोगाव इतके दंड पाहिले, की चेहरा ही त्यांना दंडाला जोडलेली एक जादा वस्तू वाटू लागली. पुढे मिरजेच्या एका प्रयोगशाळेत ते रक्त तपासू लागले, तेव्हा नजर दंडावरून बोटावर आली, एवढाच फरक. कोणत्या समाजात कोणता रक्तगट किती, याचा तक्ता करायचं त्यांनी कुणी न सांगता मनावर घेतलं. नातेवाइकांची नावं ते विसरत, गट विसरत नसत. "कोयनानगरची एबी बाळंत झाली," असं ते सांगत, ती त्यांची सख्खी पुतणी. माझ्या लग्नात मी बोहल्यावर चढायच्या आधी त्यांनी माझं बोट टोचलं आणि पाच मिनिटांनी म्हणाले, "ओ निघालात. आमच्याकडे ए फार झाले होते. चढा आता."

आपला एक तरी निबंध छापून यावा, एवढीच त्यांची इच्छा होती. पुण्याच्या विद्वानांनी तीन निबंध 'यात नवीन काही नाही' असं लिहून परत पाठवले होते.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास जतकडच्या एका मेंढपाळ वस्तीवर ते मला घेऊन गेले. नावं लिहायचं काम नेहमी माझं. तिथले बहुतेक सगळे दिवसभर मेंढरांमागे असत, अंधार पडता परतत. आमची शेवटची एसटी पाचची. मग साडूंनी वस्तीच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याला टोचायला शिकवलं, नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या चाळीस बाटल्या त्याच्या स्वाधीन केल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन ते भरलेल्या घेऊन आले. तपासल्या. चाळीसच्या चाळीस बी!

अख्खी वस्ती एका गटाची! साडूंना तीन दिवस जेवण गेलं नाही. दुष्काळ, माळरान, शतकांचा एकांत, सगळ्यांना त्यांनी निबंधात कामाला लावलं. या वेळी पुण्याहून उत्तर आलं: छापतो, अंतिम प्रत पाठवा. प्रत टपालात टाकण्याआधी ते म्हणाले, "त्या लोकांना आधी सांगायला हवं. जगात असे तेच." आम्ही पेढे घेऊन गेलो.

कारभाऱ्याने पेढा हातात धरला, पण तोंडात टाकेना.

"सायेब, रागावू नगा. पोरी दिसभर उन्हातनं येत्यात. त्यास्नी आनी कुठं टोचायचं? माझ्यात लय हाय रगत."

"चाळीसही बाटल्यांत तुमचंच?"

"व्हय की. येकबी रिकामी ठेवली न्हाई. येकेका बोटाला चार डाव." त्याने दहाही बोटं पसरून दाखवली. साडू एकेक बोट धरून पाहू लागले, तसा तो घाबरला. "का वं? वंगाळ निगालं का?"

"नाही बाबा," साडू म्हणाले, "उत्तम आहे."

परतताना एसटीत मी त्यांना समजावलं. "पाठवून द्या हो. पुण्याहून जतला कोण येतंय तपासायला?" ते म्हणाले, "ओ गटाचं रक्त सगळ्यांना चालतं. तुमचं तसंच आहे, सगळं चालतं."

घरी जाऊन त्यांनी पुण्याला खरं काय ते कळवलं. तिकडून पुन्हा कधी पत्र आलं नाही.

त्यांना जाऊन आता महिना झाला. मेहुणीने त्यांच्या वह्या माझ्याकडे दिल्या. माझ्या पुस्तकांत त्या नीट राहतील असं तिला वाटतं. त्या वस्तीचं पान मी काल काढलं. एकोणचाळीस ओळी पट्टी धरून खोडल्या आहेत, एक कारभाऱ्याची ठेवली आहे. खाली त्यांच्या बारीक अक्षरात शेरा आहे: 'बाकीच्यांना पुन्हा विचारावे. मुली दमून येतात. मुक्कामाला जाऊन पहाटे भेटावे.'

पुढचं पान कोरं आहे. नावं लिहायला त्यांच्याकडे माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि त्या एसटीनंतर त्यांनी मला कधी बोलावलं नाही.