बावन्न वजा सतरा

शिक्षणसेवक म्हणून निवड झाली, पण शाळेचा आदेश हातात पडायच्या आधी दहा दिवसांचं प्रशिक्षण होतं. शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर पाठ घ्यायचा. शेरा बरा पडला नाही तर पुढच्या तुकडीत पुन्हा हजर. मंगळवार पेठेतल्या अख्ख्या गल्लीला मी आधीच पेढे वाटून बसलेलो. पुन्हा हजर व्हायची माझी अजिबात तयारी नव्हती.

मे महिना, शाळेला सुट्टी. पाठाला पोरं कुठनं आणणार? मग आम्हीच पोरं. चाळीस धडधाकट माणसं दुसरीच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसायची. प्रशिक्षण घेणारे साहेब भूमिका वाटून द्यायचे: हा हुशार, हा खोडकर, ही रडकी. माझ्या पाठाला 'अप्रगत' म्हणून आजऱ्याच्या एक मॅडम आल्या. दहा दिवसांत त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. म्हटलं, बरं झालं, ताप न्हाय.

वजाबाकी होती. बावन्न वजा सतरा. साहित्याला गुण असतात म्हणून काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून टेबलावर मांडलेले. मांडले म्हणजे नुसते मांडले. फळ्यावर मी सांगितलं, दोनातून सात जात नाहीत, शेजारच्या पाचाकडून एक घ्या, दोनाचे झाले बारा.

मॅडमनी हात वर केला. "सर, घेतला एकच की. मग हितं येऊन त्याचे दहा कसं झालं?"

हुशार, खोडकर, रडकी, सगळे माझ्याकडं बघायला लागले. उत्तर मला येत नव्हतं, आणि साहेब वहीत काहीतरी लिहीत होते. माझा पारा चढला.

"तसंच असतंय ते! गप खाली बस!"

वर्ग खो खो हसला. मॅडम बसल्या. उत्तर पस्तीस आलं, बरोबर. एक गठ्ठा सोडला असता तर दहा काड्या सगळ्यांना दिसल्या असत्या, हे मला जूनमध्ये सुचलं.

चहाला मी त्यांना गाठलं. "लई भारी अॅक्टिंग केलासा मॅडम. माझी वाटच लागली की."

"अॅक्टिंग न्हाय ओ," त्या म्हणाल्या. "मला खरंच ठावं न्हाय. तिसरीत गुरुजींना हेच विचारलंतं. तेबी असंच वरडले. त्यानंतर वर्गात हात वर केला तो आजच."

मी कप खाली ठेवला. माफी मागावी असं वाटलं, तेवढ्यात घंटा झाली.

संध्याकाळी शेऱ्याचे कागद वाटले. माझ्या कागदावर साहेबांनी लाल शाईनं लिहिलं होतं: वर्गनियंत्रण उत्तम.